इतर अनुषंगिक कामे

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बागेच्या ठेकेदाराचं बिल माझ्या टेबलावर येतं. बिलात चार ओळी असतात. गवत कापणे, मेंदीची छाटणी, परिसर स्वच्छता, झाडांना पाणी देणे. पुढं चौरस मीटर नाहीतर रनिंग मीटर, त्यापुढं दर, त्यापुढं रक्कम. सोबत मोजमाप पुस्तकाची झेरॉक्स, हजेरीपत्रक, पीएफचं चलन आणि मजुरांच्या खात्यावर पगार जमा झाल्याचा बँकेचा कागद. एकेक कागद बघायचा, पेन्सिलीनं टिक करायची, बेरीज जुळली की शाई. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळं हात आपोआप चालतो आणि डोकं घरी काय भाजी करायची त्यात असतं. गेल्या जुलैत अशीच टिका मारत बसले होते, तेव्हा बागेतले मामा हजेरीपत्रक घेऊन आले. दारात उभं राहून त्यांनी डोक्यावरची प्लास्टिकची खोळ काढून झटकली, खोरं बाहेर भिंतीला टेकवलं, फरशीवर पाणी गळू नये म्हणून हात लांब करून कागद पुढं केला. बिल समोर उघडंच होतं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते वरून खालपर्यंत वाचलं आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "म्याडम, ह्यात पावसात फिरायचं कुठं लिवलंय?"

मी म्हटलं, "कसलं फिरायचं?"

"ऱ्हाऊ द्या," म्हणाले, आणि खोळ डोक्यावर घेऊन गेले.

त्यांचं फिरणं खिडकीतून दिसायचं तसं. बाहेर धो-धो पाऊस, पोरं व्हरांड्यात गर्दी करून उभी, शिपाई चहाच्या गाड्याच्या आडोशाला, आणि हा एक माणूस खताच्या पिशवीची खोळ घालून, खांद्यावर खोरं टाकून वरच्या टाकीपासून खालच्या फाटकापर्यंत निवांत चालत येतोय. मधेच थांबतोय, वाकतोय, दोन खोरी माती ओढतोय, पुढं सरकतोय. आमच्यातल्या एकानं त्यांना 'पावसाळी पर्यटक' असं नाव ठेवलं होतं आणि आम्ही सगळे हसलोही होतो. पण त्या दिवशी बिलावर सही झाली, फाईल पुढं गेली, तरी तो प्रश्न काही डोक्यातून हलेना. हिशेबाच्या माणसाला असा प्रश्न म्हणजे दातात अडकलेलं तूस. बिलात जे लिहिलेलं नाही त्याचे पैसे दिलेले नाहीत, आणि काम तर समोर चाललेलं दिसतंय.

मग पुढच्या मोठ्या सरीला छत्री घेऊन त्यांच्या मागून निघाले. छत्रीचा उपयोग डोकं कोरडं ठेवण्यापुरता, बाकी सगळी भिजले. आमचं आवार माळावरचं आहे. माथ्याला उघडा खडक, मधे मुरूम, खाली फाटकाजवळ कुठं जरा काळसर माती. माथ्यावरून येणारं पाणी स्वच्छ असतं, कारण तिथं वाहून जायला मातीच नाही. वसतिगृहाच्या मागं येईपर्यंत ते तांबूस व्हायला लागलं. मामा थांबले. "रंग बघा," म्हणाले, "हितं माती निघाली." कुठून निघाली ते बघायला पाण्याच्या उलट अंगानं चढत गेले. थोड्याच अंतरावर पोरांनी मोटारसायकली घालून पाडलेली एक वाट होती, चाकाच्या रुंदीची. तिच्यात गवताचं मूळ मोडलं होतं आणि पाणी चर सोडून त्या वाटेनं धावत होतं. मामांनी खोऱ्यानं हरळीचं एक ढेकूळ मुळासकट उचललं, वाटेच्या तोंडाशी गवत वर ठेवून बसवलं, टाचेनं दाबलं, मागून दगडाचा टेकू दिला. पाणी जरा फुगलं, घुटमळलं आणि चरात वळलं. उसाला पाणी पाजताना दारं मोडतात ना, तसंच. "ही हरळी हाय, आठवड्यात मूळ धरती. नुसता दगुड ठेवला तर पानी त्याच्या बाजूनं वाट करतंय." एवढं बोलून ते पुढच्या वळणाला लागले सुद्धा.

फेरी तशी लांबलचक झाली. प्रत्येक इमारतीच्या छतावरून उतरणाऱ्या पाईपच्या तोंडाशी थांबायचं, कारण पाईपचं पाणी एका जागी धार धरून पडलं की पायाजवळ खड्डा करतं; तिथं खडी अंथरलेली असते, ती सरकली असेल तर ओढून घ्यायची. प्रत्येक चराच्या जाळीशी थांबायचं, कारण पर्जन्यवृक्षाची बारीक पानं जाळीवर बसली की तिचा पत्रा होतो. नवीन झाडांच्या आळ्याशी थांबायचं. उन्हाळ्यात आळं खोलगट असतं, पाणी धरायला. पावसाळ्यात तेच आळं राहिलं तर बुंधा पाण्यात उभा राहतो आणि रोप कुजतं, म्हणून मृग लागला की आळं मोडून बुंध्याकडून बाहेर उतार काढायचा. ज्या रोपांभोवती अजून पाणी साठलेलं दिसलं तिथं मामा खोऱ्याच्या कोपऱ्यानं एक चीर पाडत होते, बोटभर रुंद. बास. पाणी त्या चिरेतून निघून जायचं. हे काम किती चौरस मीटर झालं, मला तिथंच उभ्या उभ्या प्रश्न पडला. सवय वाईट.

आता माझ्या बाजूनं थोडा हिशेब मांडते, कारण मला तेवढंच येतं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरला थोडं जास्त. म्हणजे एकरभर जागेवर नुसता एक सेंटीमीटर पाऊस झाला, तरी चाळीस हजार लिटर पाणी आलं. दहा हजारांचे चार टँकर. आमच्याकडं कोल्हापुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तिकडं गगनबावड्याला त्याच्या पाचपट. हजार मिलिमीटर म्हणजे एकरी चारशे टँकर आभाळातून फुकट. यातले सगळे धरता येत नाहीत हे मलाही कळतं. पण एप्रिल-मे महिन्यात टँकरची बिलं माझ्याच टेबलावर येतात. त्याला ओळ आहे, दर आहे, खेपांची नोंद आहे, ड्रायव्हरच्या सहीची पावती आहे. बाहेरून आणलेलं पाणी मोजायला आमच्याकडं अख्खी पद्धत आहे. आपल्या आवारात पडलेलं पाणी आवारातच मुरावं म्हणून जो माणूस भिजतो, त्याला ओळ नाही. खालच्या फाटकाजवळची विहीर वैशाखात किती उतरते हे मामांना श्रावणातच सांगता येतं, आणि आम्ही मात्र टँकरची तरतूद गेल्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के वाढवून धरतो.

आणि जे पाणी मुरत नाही ते कुठं जातं? माळावरून उतरून जयंती नाल्यात, तिथून शहराच्या पोटातून पंचगंगेला. ऑगस्ट आला की आख्खं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याचे फूट बघत बसतं. एकोणचाळीस झाले का, म्हणजे इशारा; त्रेचाळीस झाले का, म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर रात्री उठून मोबाईल बघायचो. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत निम्म्या रंगवलेल्या गणपतीच्या मूर्ती उचलून उंचावर न्यायची धांदल आता दर दोन-तीन वर्षांनी ठरलेली. महापूर माळावरच्या पाण्यानं येतो असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. तो वरच्या धरणांचा, घाटमाथ्याच्या पावसाचा, नदीच्या काठावर आपण काय काय बांधून ठेवलंय त्याचा हिशेब आहे. तरी नाला फुगतो तेव्हा त्यात माझ्या ऑफिसच्या दारातलंही पाणी असतं. ज्या ज्या मोठ्या आवाराला कंपाऊंड आहे, त्या प्रत्येकाला फाटकाच्या खाली एक भोक आहे आणि त्या भोकातून काय जातं त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही.

या गावात मोठी आवारं काही कमी नाहीत. नवा राजवाडा, सीपीआर रुग्णालय, टाऊन हॉल, रेसिडेन्सीच्या बाजूचे जुने बंगले, रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस. आणि त्या सगळ्यांहून थोरलं सागरमाळावरचं शिवाजी विद्यापीठ, ८५३ एकरांचं. १९६२ साली ते सुरू झालं तेव्हाच्या फोटोंत नुसता बोडका माळ आणि त्यात एकटी इमारत दिसते. आज तिथं मोर आडवे येतात. तळी आहेत, विहिरी आहेत, दुष्काळात बाहेरचं पाणी कमीत कमी लागावं म्हणून केलेली कामं आहेत. लोक सकाळी फिरायला जातात आणि 'काय झाडी आहे' म्हणतात. झाडी नंतर आली. आधी पाणी अडवलं म्हणून झाडी आली. मुरमाड माळावर झाड लावणं सोपं आहे, एक खड्डा नि एक फोटो. दुसऱ्या मार्चमध्ये ते जिवंत असणं वेगळी गोष्ट.

टाऊन हॉलच्या बागेची माझी आठवण लहानपणची. रविवारी लक्ष्मीपुरीचा बाजार करून वडील परत येताना आम्हाला तिथं नेत. मेथीच्या जुड्या आणि ओल्या बोंबलाच्या वासाची पिशवी बाकाखाली ठेवायची आणि आम्ही पळायचं. तिथली सावली इतकी दाट असायची की भर मे महिन्यातही बाकाचा दगड पायाला गार लागायचा. एक माळी पाईप लावून बसलेला असे, आणि माझ्या आठवणीत तो कधी काही करताना दिसत नाही. पाईपचं तोंड एका आळ्यात, तो बिडी ओढत उकिडवा. थोड्या वेळानं उठायचा, पाईप दुसऱ्या आळ्यात, परत बसायचा. वडील म्हणायचे, "काय आरामाची नोकरी!" आता कळतं की पाणी मुरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिथं बसणं हेच ते काम होतं. घाई करून पाईप भिरभिरवला तर वरची दोन बोटं ओली होतात, खाली मूळ कोरडंच राहतं. इमारत चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकारानं बांधली हे शाळेच्या सहलीत सांगतात. नवा राजवाडाही त्याचाच, १८७७ ते १८८४. ते सांगायलाच हवं. पण दीडशे वर्षं ती झाडं उन्हाळा काढत आली, त्याबद्दल सहलीत कुणी काही सांगितल्याचं आठवत नाही.

आमच्याकडं आता पाईप घेऊन बसणारा माणूस परवडत नाही. ठेका आहे. ठेक्यात गवत कापायचा दर चौरस मीटरवर आहे, आणि दर असा आहे की मशीन लागतंच. पेट्रोलवरचा ग्रास कटर, कमरेला पट्टा, तोंडाशी गरगरणारी नायलॉनची दोरी. सकाळी आठला त्याचा आवाज सुरू झाला की खिडक्या बंद. कापलेल्या गवताचा वास मात्र खिडकी बंद असली तरी येतो, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडतो. कापून झाल्यावर आवार कसं न्हाऊन आल्यासारखं दिसतं. साहेब खूश, पाहुणे खूश. पण ही दोरी गवत आणि साल यात फरक करत नाही. पोरगा नवखा असतो, चौरस मीटर भरायचे असतात, तो बुंध्याला खेटून मशीन फिरवतो. मामांनी मला एकदा एक बकुळीचं रोप दाखवलं होतं, मनगटाएवढ्या खोडाचं. जमिनीपासून वीतभर उंचीवर चहूबाजूंनी साल उडालेली, आत पांढरं लाकूड. वर पानं हिरवीगार. "हे मेलंय," मामा म्हणाले. मी म्हटलं, "अहो, पानं तर हिरवी आहेत." "त्येला अजून कळलं न्हाई." दिवाळीनंतर ते वाळलं. फाईलमध्ये नोंद झाली: 'रोप मृत, कारण : पाण्याअभावी'. बुंध्याभोवती हातभर जागा पालापाचोळ्यानं झाकून ठेवली तर तिथं गवतही येत नाही आणि मशीनही जात नाही, ओलावाही टिकतो. पण पालापाचोळा दिसला की 'परिसर स्वच्छता' या ओळीत पैसे कापले जातात. मीच कापते. नियमच तसा आहे.

खुरप्याचं काम आता वर्षातून दोनदा. शेजारच्या गावातून बायका टेम्पोतून येतात. डोक्याला टॉवेल, साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, कनवटीला मिसरीची डबी. ओळीनं बसून एकेक पात, म्हणजे आपल्या वाट्याचा पट्टा, धरतात आणि बोलत बोलत सरकत जातात. माझी आजी दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जायची, त्यामुळं मला ते बघत उभं राहावंसं वाटतं. खुरपं आडवं धरून लव्हाळा वरच्यावर छाटणारी कुठली आणि टोक खुपसून खालची गाठ काढणारी कुठली, हे लांबून ओळखू येतं. लव्हाळ्याचं सगळं बिऱ्हाड जमिनीखाली असतं. वरून ओढला की पात हातात येते, गाठी खाली तशाच, आणि पंधरा दिवसांत एकाचे तीन. महापुरात लव्हाळं वाचतं ते आपण शाळेत कौतुकानं शिकलो. लॉनमध्ये त्याचं कौतुक करणारा अजून भेटायचाय. ठेकेदाराला तणनाशक मारणं स्वस्त पडतं. मारतोही, शनिवारी दुपारी, कुणी नसताना. सोमवारी मेंदीच्या कडेचा पट्टा पिवळा पडलेला असतो आणि बायकांची खुरपणीची एक पाळी कमी झालेली असते. त्यांची हजेरी, म्हणजे मजुरी, गड्यांपेक्षा कमी असते ती असतेच. एकीला मी विचारलं, "कसं काय परवडतं?" तर म्हणाली, "सावलीत काम हाय की. शेतात सावली कुठली?" आणि पुढं सरकली.

इथवर वाचून कुणाला वाटेल की ही बाई आता म्हणणार, जुनं ते सोनं, कागद वाईट, ठेका वाईट. तसं मला म्हणायचं नाही.

कागद नव्हता तेव्हाचा काळही मी बघितलाय. संस्थेत मी नवीन लागले तेव्हा बागेचं मस्टर होतं. मस्टरवर माणसं जास्त, बागेत कमी. कुणाच्या तरी घरची भाजी आणायला, कुणाच्या पोराला शाळेत सोडायला बागेतला माणूस जायचा आणि त्याची हजेरी बागेत लागायची. रोजंदारीवरच्या माणसाला पीएफ नाही, पगाराची तारीख नाही, आजारी पडला तर तेवढ्या दिवसांचा खाडा. मामांची उमेदीची वर्षं त्यात गेली. आज निदान बँकेत पैसे पडतात आणि ठेकेदारानं चलन जोडलं नाही तर मी बिल अडवू शकते, अडवलेलंही आहे. मोजमाप आलं म्हणून हे आलं. त्यामुळं 'हे काम मोजण्यापलीकडचं आहे' असं कुणी भरल्या गळ्यानं म्हणायला लागलं की मला धास्तीच वाटते. मोजण्यापलीकडचं म्हणजे आमच्या भाषेत फुकट.

याचा नमुना दर पाच जूनला बघायला मिळतो. पर्यावरण दिन. मंडप, बॅनर, प्रमुख पाहुणे, वृक्षारोपण. रोहिणीची एखादी सर झालेली असते नाहीतर तीही नाही, मृगाला अजून दोन दिवस असतात आणि पाऊस कधी येणार ते वेधशाळा सांगेल तेव्हा. सावलीत वाढलेलं रोप पिशवीतून काढून तापलेल्या खड्ड्यात जातं. खड्डा बहुतेक गेल्या वर्षीचाच. भाषणात 'आपले बागेतले मामा म्हणजे निसर्गाचे खरे सेवक' असं वाक्य हमखास. एका वर्षी त्यांचा सत्कार केला, शाल आणि श्रीफळ. टाळ्या वाजल्या. मामांनी शाल घडी घालून कंपोस्टच्या शेडमध्ये ठेवली आणि त्या रोपांच्या पिशव्या गोळा करायला गेले, कारण पाहुण्यांनी त्या तिथंच टाकल्या होत्या. शालीचं बिलही माझ्याकडंच आलं होतं. 'किरकोळ खर्च' या शीर्षाखाली मंजूर झालं, एका दिवसात.

आवाराची राखण म्हटलं की माणसांना वाढवणं, लावणं, फुलवणं दिसतं. मामांच्या दिवसाचा निम्मा भाग कुणी काय बिघडवलंय ते शोधण्यात जातो. केबलसाठी चर खणायला आलेली माणसं सरळ रेषेत खणतात, कारण त्यांचाही दर रनिंग मीटरवर असतो. मधे गुलमोहराची मुळं आली तर कुऱ्हाड. चर बुजला, वर पेव्हर ब्लॉक बसले, सगळं नीटनेटकं. झाड वर्षभर उभं राहतं. मग पुढच्या उन्हाळ्यात वळवाचा एक झोड येतो, वारं सुटतं, आणि झाड बरोबर त्या चराच्या उलट बाजूला, पार्किंगमध्ये आडवं होतं. गुलमोहराची मुळं मुळात उथळ, त्यात एका अंगानं तोडलेली. पेपरला येतं, 'वादळी पावसाने झाड कोसळले, सुदैवाने जीवितहानी नाही'. उभं झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणं वृक्ष प्राधिकरणाकडं अर्ज, पाहणी, परवानगी असं सगळं असतं. मुळं तोडताना मात्र विचारायला कुणी येत नाही. मामा चर खणणाऱ्यांच्या मागं लागून सांगतात, "जरा वळवून घ्या की भावा," आणि कधी कधी घेतातही. वळवलेल्या चरामुळं जे झाड पडलं नाही, त्याची बातमी कशी येणार?

हुमणी या मुळं खाणाऱ्या अळीचंही तेच. पहिला चांगला वळीव झाला की संध्याकाळी अंधार पडता पडता भुंगे जमिनीतून निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. ऊसवाल्यांना हे सांगायला नको. आपल्या लॉनलाही तीच हुमणी खाते, गवताची मुळं कुरतडते, आणि मग श्रावणात गवत हातानं सतरंजीसारखं उचलून येतं. मामा त्या आठवड्यात ड्युटी संपल्यावर थांबतात. बादलीत पाणी, त्यात थोडं रॉकेल, निंबाच्या फांद्या काठीनं झोडायच्या, पडलेले भुंगे वेचून बादलीत. घमेलंभर निघतात. एका मादीनं अंडी घातली की पुढं किती, ते गुणाकार तुम्हीच करा. नंतर औषध मारायचं म्हटलं तर त्याचं कोटेशन येतं, तुलनात्मक तक्ता होतो, खरेदी समिती बसते. निंब झोडण्याला कोटेशन नाही, आणि ओव्हरटाइमची तर ठेक्यात ओळच नाही.

यंदा ठेक्याची मुदत संपत आली आणि नवीन टेंडरचा मसुदा माझ्याकडं आला. जुन्याच्या चार ओळी जशाच्या तशा होत्या. मी त्यात पाचवी घातली: 'पावसाळ्यात चर, उतार, आळी व जाळ्या यांची पावसादरम्यान पाहणी व जागेवर दुरुस्ती, प्रति फेरी.' दर कसा धरायचा ते मामांना विचारलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. "दोन मानसं लागत्यात. येक वरनं, येक खालनं. निम्मा दिस जातोय." म्हटलं, फेऱ्या किती? "ते पावसाला इचारा." शेवटी मी मृगापासून हस्तापर्यंत मोठ्या पावसाचे अंदाजे दिवस धरले, त्याला दोन माणसांचा निम्मा पगार लावला. आलेली रक्कम मी एप्रिलच्या टँकरच्या बिलाशेजारी ठेवून बघितली. टँकरच्या चौथ्या हिश्श्यालाही पोचत नव्हती.

साहेबांनी मसुद्यावर हिरव्या शाईनं विचारलं, 'फेरी झाली हे सिद्ध कसे करणार? ऑडिटला काय दाखवायचे?' प्रश्न रास्त आहे, त्यांच्या जागी मी असते तर मीही विचारला असता. मी उत्तर लिहिलं की फेरीनंतर खालच्या फाटकाजवळच्या चरात एका बाटलीत पाणी भरून, तारीख टाकून ठेवता येईल. गढूळपणा डोळ्यांना दिसतो, महिन्याच्या बाटल्या एका ओळीत ठेवल्या की माती कमी जातेय का जास्त ते कुणालाही कळेल. साहेब हसले. माणूस चांगला आहे. म्हणाले, "मॅडम, बाटल्यांचं कपाट कुणाच्या नावावर घालायचं?" मग मधला मार्ग निघाला. वेगळी ओळ नाही, पण 'इतर अनुषंगिक कामे' या शीर्षाखाली एकरकमी रक्कम धरायची आणि त्याच्या खुलाशात पावसाची फेरी लिहायची. या शीर्षाखाली आमच्याकडं आधीपासून बरंच काही आहे: आग्यामोहळ काढणे, सर्पमित्रास बोलावणे, मेलेलं कुत्रं उचलणे, नारळ उतरवणे, पंधरा ऑगस्टला झेंड्याभोवती फुलं. त्यात आता पाऊस.

मामांना सांगितलं. त्यांना आनंद झाला का नाही कळलं नाही. त्यांनी रक्कम विचारली, मी सांगितली, त्यांनी मनात भागाकार केलेला दिसला. मग म्हणाले, दुसरा माणूस कोण देणार ते आधी ठरवा, नवखा नको, उसाला पानी पाजलेला असला तर बरं. आणि खोळ नको आता, खांदं भिजत्यात, रेनकोट पायजे. रेनकोट ठेकेदारानं द्यायचा का संस्थेनं, यावर अटी व शर्तींच्या पानावर आमचा पत्रव्यवहार चालू आहे.